पहाटेचा वर्ग

शकुनताई देवस्थळींनी पेटीवर षड्ज धरला आणि पुढच्या रांगेतली एक बाई उठून गेली. तिच्या जागेवर दुसरी येऊन बसली, तिने पदर सावरला आणि पहिलीने सूर सोडला होता तिथूनच तोंड उघडलं. ऋषभापर्यंत आणखी दोघी उठल्या. गंधारावर तिघी आल्या. वर्ग भरलेलाच राहिला. माणसं तेवढी बदलत गेली.

हे सुरुवातीपासून असंच चाललं होतं आणि शकुनताईंना त्याचं काही वाटत नव्हतं. बायकांच्या मागे चूल असते, पोरं असतात, नळाची रांग असते. त्यातून ज्या सूर लावायला येतात त्यांना शिस्त कसली शिकवायची? शिवाय वेळ त्यांनी स्वतः निवडली होती. नगर सांस्कृतिक मंडळाने बेलेघाट्याच्या कालव्यालगतच्या या वस्तीत कलाकेंद्र बांधलं, तेव्हा संगीतवर्ग दुपारी चारला भरायचा होता. बायकांनीच येऊन सांगितलं, पहाटे पाच. शकुनताईंचा जन्म कलकत्त्यातला, गाणं वडिलांकडून आलेलं. आयुष्यभर त्यांनी भवानीपूरच्या सुखवस्तू मुलींना शिकवलं होतं, आणि त्यातली एकही मुलगी आठाच्या आत उठल्याचं त्यांना आठवत नव्हतं. इथे अंगठेबहाद्दर बायका आपणहून भैरवाची वेळ मागत होत्या.

"हे रक्तात असावं लागतं," असं त्या दिनकर सबनीसांना म्हणाल्या होत्या. सबनीस मंडळाचे योजना अधिकारी, पुण्याहून बदलून आलेले. त्यांनी ते वाक्य अहवालात घातलं. मंडळात ते फार आवडलं.

जानेवारीत एका पहाटे, थंडीमुळे असेल, खुद्द शकुनताईंनाच मध्ये उठावं लागलं. सभागृहामागच्या बोळात पाहुण्यांसाठी एक संडास बांधला होता. त्याला दार होतं, दाराला कडी होती, आत नळ होता आणि नळाला पाणी. शकुनताई बोळात शिरल्या तर तिथे रांग. त्यांना पाहताच बायका अदबीने भिंतीला टेकल्या. एकीने दारावर थाप मारून आतल्या बाईला घाई करायला सांगितलं.

"तुम्ही आधी जा, दिदिमणी," सरला म्हणाली. सरला म्हणजे वर्गातली सगळ्यात थोराड बाई, पाच घरची भांडी घासणारी. वस्तीच्या वतीने बोलायचं काम तिच्याकडे होतं.

"तुम्ही सगळ्या याच्यासाठी येता?"

सरलाने पदर कमरेला खोचला.

"आधी याच्यासाठी. मग नंबर येईपर्यंत कुठेतरी बसायला पाहिजे, म्हणून गाणं." शकुनताईंचा चेहरा पाहून तिने सावरून घेतलं. "गाणं पण चांगलंच असतं. पोट हलकं झाल्यावर तर फारच."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

वर्ग सुटल्यावर सरलाने बाकीचं सांगितलं. वस्तीसुधार खात्याने उन्हाळ्यात टोपलीचे जुने संडास पाडले, कारण माणसांनी हाताने मैला उपसणं माणुसकीला शोभत नव्हतं. नवे बांधून झाले होते, चुना मारून ओळीने उभे होते. नळजोडणी व्हायची होती आणि तोवर खराब होऊ नयेत म्हणून कंत्राटदाराने त्यांना कुलपं घातली होती. कालव्यापलीकडे सॉल्ट लेकच्या नव्या शहरात रिकाम्या भूखंडांखाली गटारं घालून तयार होती. माणसं यायची होती. इकडे माणसं होती. पुरुष कुठेही उभे राहत. बायकांना उजाडायच्या आत कालव्याचा उतार, आणि वरून बॅटऱ्या मारणारे रिकामटेकडे. दुर्गापूजेच्या दिवसांत सरलाच्या मुलीला, लीनाला, तिथे दोघांनी धरलं होतं. ओरडली म्हणून सुटली. तेव्हापासून लीना दुपारनंतर अन्नाला शिवत नसे, पाण्यालाही नाही.

"केंद्र उघडलं तशी रात्रीची जेवायला लागली," सरला म्हणाली. "गालावर मांस दिसतंय ना?"

शकुनताईंनी पेटीचा भाता मिटला आणि त्या हात तसाच तिच्यावर ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या घराकडची एक ट्राम गेली, दुसरीही गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्र नेहमीपेक्षा लवकर उघडून घेतलं आणि आलाप इतका सावकाश धरला की मध्येच उठून जाणाऱ्या बाईला संकोच वाटू नये.

पंधरवड्याने मंडळाचे अध्यक्ष आले. माकडटोपी, मफलर, खांद्यावर शाल. गच्च भरलेलं सभागृह पाहून ते दारातच थांबले. गाणं यथातथाच होतं, पण अध्यक्षांना सूर ऐकू येत नव्हते, जनता दिसत होती. चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले.

"अशा पहाटेला पुरुषांनीच का मुकावं?" ते म्हणाले.

आठवड्याभरात ठरलं: पहाटे पुरुषांचा तबल्याचा वर्ग, आणि महिलांचा मूळ योजनेप्रमाणे दुपारी चारला. बाकीच्या वेळी केंद्राला कुलूप असायचंच. शकुनताई एस्प्लनेडला सबनीसांच्या कचेरीत गेल्या.

"सबनीससाहेब, त्या बायका गाण्यासाठी येत नाहीत."

"मग कशासाठी येतात?"

हा शब्द शकुनताईंनी परक्या पुरुषासमोर जन्मात उच्चारला नव्हता. आता त्यांनी तो स्वच्छ, सुट्या अक्षरांत उच्चारला, आणि लीनाचंही सांगितलं. सबनीसांनी उठून कचेरीचं दार लोटून घेतलं.

"शकुनताई, मलाही मुली आहेत. कळत नाही असं नाही. पण संडास आमच्याकडे येत नाही हो! ते वस्तीसुधारवाल्यांचं. मी हे लिहिलं तर उद्या विचारतील, मग गाण्याचा पैसा गेला कुठे? केंद्रच बंद होईल."

"मग पुरुषांना संध्याकाळी बोलवा."

"संध्याकाळी रोज वीज जाते ना तिकडे? अंधारात तबला वाजवतील?"

"आणि बायकांनी काय करायचं?"

"चारला येऊ दे की. दार तर तेच आहे ना?" सबनीस म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

दुपारी चारला वस्तीतल्या बायका लोकांच्या घरी भांडी घासत असत. ज्या घरी असत, त्यांना केंद्राच्या पायऱ्यांवर पत्ते कुटणाऱ्या पुरुषांच्या गुडघ्यांमधून वाट काढत त्या बोळात जाणं जमण्यासारखं नव्हतं. शकुनताई रोज चारला पेटी उघडून बसत आणि पाचला मिटत. महिलांचा संगीताचा उत्साह प्रासंगिक होता, अशी नोंद मंडळाने केली. तबल्याचा वर्ग जोरात होता.

मग एका दुपारी सरला आली, हाताला राख तशीच.

"दिदिमणी, पहाटेच्या येता का?"

"कुठे?"

"कालव्यावर." ती खाली बसली. "लीना पुन्हा उपाशी झोपते. काल मालकिणीच्या मोरीत चक्कर येऊन पडली. कपबशा फुटल्या, काम गेलं."

"मी येऊन काय करणार?"

"बांधावर बसायचं, आमच्याकडे पाठ करून. नुसतं कोणी उभं दिसलं तर बापे थांबतात, काय आहे बघायला. बाईचा आवाज आला की समजतात खाली बायका आहेत आणि वर राखण आहे, मग वस्तीकडच्या रस्त्याने जातात. आम्ही आळीपाळीने खोकायचो. पण खोकला किती वेळ काढणार? आणि कोण घाबरतं खोकल्याला? तुमचा आवाज लांब जातो."

शकुनताईंनी पेटीकडे पाहिलं.

"ती राहू दे," सरला म्हणाली. "पळावं लागलं तर अडचण."

कालव्यावर धुकं होतं आणि त्यात कोळशाच्या शेगड्यांचा धूर. बायका हातात डबे घेऊन एकेक करत उतारावरून दिसेनाशा झाल्या. सगळ्यात शेवटी लीना गेली, आईच्या पदराला धरून, लहान पोरीसारखी. शकुनताई बांधावर शाल गुंडाळून बसल्या आणि त्यांनी भैरव सुरू केला.

आवाज लागला. नुसता लागला नाही, उघडला. समोर शिष्या नाहीत, परीक्षक नाहीत. धुक्यात सूर सोडावा आणि त्याने पलीकडच्या रिकाम्या शहरापर्यंत जावं. दोघेजण बॅटरी घेऊन आले, आवाज ऐकून चपापले आणि वस्तीकडच्या रस्त्याला वळले. एक सायकलवाला मान खाली घालून निघून गेला. सरलाचा हिशेब बरोबर होता.

मग एक म्हातारा आला. डोक्याला गमछा, हातात कंदील, रात्रपाळी करून आलेला असावा. तो थांबला. शकुनताईंनी आवाज चढवला, पण तो वळला नाही. त्याने कंदील खाली ठेवला, चपला काढून बाजूला केल्या आणि जरा अंतर राखून बांधावर मांडी घातली. शकुनताई आंदोलन देत कोमल ऋषभावर आल्या तेव्हा त्याचे डोळे मिटले.

"आहा," तो हलकेच म्हणाला.

नेमक्या जागेवर. भवानीपुरात त्यांना त्या जागेवर कोणी कधी दाद दिली नव्हती. शकुनताईंकडून पुढची जागा आपोआप त्याच्यासाठी घेतली गेली. म्हातारा डोलू लागला.

खाली डब्यांचा आवाज थांबला होता. उजेड फुटू लागला होता आणि कंदील उताराच्या तोंडाशीच होता. कोणाला उठता येत नव्हतं. कोणीतरी खोकलं. मग आणखी कोणीतरी, घाबऱ्या घाबऱ्या, पुन्हा पुन्हा. ती लीना होती.

शकुनताईंनी श्वास घेतला आणि ऋषभ चढा लावला. केसभर. म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्यांनी धैवत उतरवला, मग आवाज नाकात घेतला आणि तान लांबवत नेऊन भलत्याच सुरावर टाकली. थकली असेल बाई, सावरेल, अशा सभ्यपणाने म्हातारा थोडा वेळ बसून राहिला. मग त्याने चपला पायांत सरकवल्या, कंदील उचलला आणि मागे न पाहता पुलाकडे चालता झाला.

खाली हालचाल सुरू झाली. पुलावर कंदील दिसेनासा झाला तरी शेवटची बाई वर येईपर्यंत शकुनताईंनी एकही सूर जागेवर लावला नाही.