उसाची ताकद

"हा नट माझ्या गाडीचा नाही," सेऊ ओलिंदो म्हणाले.

मी गाडीखालून सरपटत बाहेर आलो. नट चिमटीत धरून त्यांनी तो नाकापाशी नेला होता. मग जरा डावीकडे धरला, मग उजवीकडे.

"तुमचाच आहे. ठिपका बघा की."

"ठिपका नाहीये."

"आहे. तुमच्या अंगठ्याखाली."

त्यांनी अंगठा सरकवला, नखाने नट खरवडला. लाल रंगाचा पापुद्रा नखाला लागला तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. नट ट्रेमध्ये टाकत, चूक माझीच असल्यासारखे म्हणाले, "तेल पुसत जा जरा. माणसाने बघायचं कसं?"

वीस वर्षं हे असंच चाललं आहे. आमच्याकडे मोठ्या माणसाला मानाने सेऊ म्हणतात. सेऊ ओलिंदोंची गाडी म्हणजे फायबरची, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. इंजिन मागे, पिवळा रंग, दार उघडून आत शिरायचं म्हणजे कसरत. तिच्या प्रत्येक नटाला, प्लगला आणि पिस्टनला त्यांनी मुलीच्या नेलपॉलिशने ठिपका दिला आहे. का, तर जुराँदिर मेकॅनिक चांगला माल काढून घेईल आणि भंगार बसवेल. जुराँदिर म्हणजे मी. गाडी माझ्याकडे असली की हे स्टूल घेऊन गॅरेजमध्येच बसतात. मी जेवायला गेलो तर तेही जेवायला जातात, आणि माझ्या आधी परत येतात.

राग यायचा, पण माणसाचा धंदाच तसा होता. आमच्या सेर्ताओझिन्यो गावात जिकडे बघाल तिकडे ऊस. हंगाम सुरू झाला की सगळ्या गावाला मळीच्या पाण्याचा वास येतो, आणि नवा माणूस नाक दाबतो. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सेऊ ओलिंदोंनी एकतीस वर्षं काढली. उसाचा ट्रक आला की एक लांब नळी भारात खुपसायची, नमुना काढायचा, रसाची गोडी मोजायची, त्यावर भाव ठरायचा. नळी कुठे घुसते हे ऊसवाल्यांना पाठ. तेवढ्या जागी पिकलेला ऊस रचायचा आणि खाली कोवळा, पाचट, माती. सेऊ ओलिंदोंच्या हे लक्षात आलं, तेव्हापासून ते प्रत्येक ट्रकला चिठ्ठी टाकून नळीची जागा काढू लागले. एका बड्या बागायतदाराने नाताळात त्यांच्या घरी अख्खं डुक्कर पाठवलं. यांनी ते परत पाठवलं, तेही वजन करून, पावतीसकट. वाटेत कमी झालं असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यांची बायको होती तेव्हा म्हणायची, "वर गेल्यावर हा देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागणार."

तर त्या दिवशी नटाचं प्रकरण मिटल्यावर त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"जुरा, हिला इथेनॉलवर आणायची म्हणतोय. इंजिनचं हेड घासायचं, कार्ब्युरेटरचे जेट मोठे करायचे, टायमिंग पुढे घ्यायचं. सगळं ट्यूनिंग नीट. फायदा आहे का, तेवढं सांग."

मी पाना खाली ठेवला. सगळं गाव उसाच्या इथेनॉलवर चालतं, पण यांनी आजवर पेट्रोलशिवाय काही भरलं नव्हतं. पंपावरचं इथेनॉल बाप्तिस्मा घेऊनच येतं, अर्धं पाणी असतं, असं त्यांचं ठाम मत.

"आत्ताच काय सुचलं?"

"एकतीस वर्षं उसाची गोडी मोजली. ताकद कधी बघितली नाही." त्यांनी चष्मा पुसला. "महिनाअखेरीस परवाना संपतोय. पुढचं मला माहीत आहे."

मलाही माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरने औषध नाही म्हणून सांगितलं होतं. परवान्याच्या तपासणीत ते पहिल्याच ओळीला अडकणार. म्हणजे हातात होते तेवीस दिवस.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुपारी त्यांची मुलगी लुसेलिया आली. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. आम्ही एका वर्गात होतो, त्यामुळे ती मला शाळेतल्यासारखीच झापते.

"तू त्यांना नाही म्हणून सांगायचंस."

"मी कशाला? तू सांग की."

"माझं ऐकतात का ते? मी सांगितलं की त्यांना वाटतं मी गाडी विकायला टपलेय. परवा चौकात सायकलवाला थोडक्यात वाचला, जुरा. यांना तो दिसलाच नाही. वर मलाच म्हणतात, तो मुद्दाम आडवा आला. आणि अशा माणसाच्या गाडीला तू आणखी जोर देणार?"

"ते माझ्या बोलण्यावर तरी कुठे विश्वास ठेवतात?"

"ठेवतात. वीस वर्षं तुझ्याकडेच येतात ना? फायदा नाही म्हणून सांग. बास. उद्या उसाच्या ट्रकखाली गेले तर तू येणार आहेस गोळा करायला?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सेऊ ओलिंदो सात वाजता हजर. मी कॉफीचा पेला त्यांच्या हातात दिला आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. "फायदा नाही, सेऊ ओलिंदो. चार घोड्यांची ताकद वाढेल फार तर. पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा जास्त पिईल. कार्ब्युरेटरला गंज चढेल. थंडीत सकाळी चालूच होणार नाही, वेगळी पेट्रोलची बाटली ठेवावी लागेल सुरू करायला. जुनं इंजिन आहे. कशाला उगाच?"

यातलं बरंचसं खरं होतं, आणि खोटं बोलायचं असेल तर तसंच बोलावं लागतं. फक्त चार घोडे हे खोटं होतं.

त्यांनी कॉफी संपवली. पेला खाली ठेवला. मान जरा वळवून, डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघत राहिले.

"एकतीस वर्षं लोक येऊन सांगायचे, साहेब, ऊस फार गोड आहे. आहे त्यापेक्षा कमी गोड सांगणारा तू पहिला."

"म्हणजे?"

"मेकॅनिक गिऱ्हाइकाला म्हणतो, काम करू नका. कुठेतरी पाणी मुरतंय." ते उठले. "तुला गाडी हवीय. माझं चालवणं बंद झालं की पडेल किमतीला घ्यायची. तोवर इंजिनला हात लागू द्यायचा नाही."

माझं डोकंच फिरलं. "वीस वर्षांत एक नट तरी कमी झाला का तुमचा?"

"नाही झाला. म्हणून तर विचारतोय, आज काय झालं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "की लुसेलिया आली होती?"

मी चिंधी घेऊन हात पुसायला लागलो. हात स्वच्छच होते.

"असं होय," ते म्हणाले. स्टूल उचलून जागेवर ठेवलं. "गाडी जोडून ठेव. उद्या दुसरीकडे नेतो."

ते गेले. वीस वर्षं हा माणूस माझ्यावर खोटा संशय घेत होता आणि मी मान ताठ ठेवून त्याला तोंड देत होतो. आज पहिल्यांदा त्याचा संशय खरा निघाला. कामात लक्ष लागेना. दुपारी बायकोने विचारलं, डाळ खारट झालीय का? मला चवच कळली नव्हती.

चार वाजता मी त्यांच्या दारात उभा राहिलो. लुसेलिया शाळेतून नुकतीच आली होती. तिच्यासमोरच बोललो.

"फायदा आहे. आत्ता चाकाला अठ्ठेचाळीस घोडे मिळतात. नीट काम केलं तर नऊ-दहा वाढतील. पेट्रोल जे कॉम्प्रेशन सोसत नाही ते इथेनॉल सोसतं. पिईल जास्त, हे खरं. रोज बाजारात जायला म्हणाल तर नको. पण इंजिनात काय आहे ते एकदा बघायचं असेल, तर फायदा आहे."

"जुरा!" लुसेलिया ओरडली.

"थांब, माझं संपलं नाही. सेऊ ओलिंदो, रस्त्यावर मी गाडी देणार नाही. माझ्याकडे रोलर आहेत. मागची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली. आठवडाभरात काम उरकतो, शनिवारी तुम्ही पाहिजे तेवढी पळवा. सगळा जोर मशीनच्या पडद्यावर आकड्यात दिसेल. ना सायकलवाला, ना ट्रक."

"बांधून?" ते म्हणाले. "बैलासारखी?"

"बांधून."

मग त्यांनी विचारलं, "आणि सकाळी जे सांगितलंस ते?"

"खोटं होतं."

"हं," ते म्हणाले. "शनिवारी किती वाजता?"

काम आठवडाभर चाललं. हेड घासून आणलं, जेट बदलले, कार्ब्युरेटरला आतून मुलामा दिला. ते रोज आले, स्टुलावर बसले. इथेनॉल त्यांनी स्वतः आणलं, डिस्टिलरीतल्या जुन्या सोबत्याकडून, सील केलेल्या डब्यात. सील दोनदा बोटांनी चाचपलं. चार थेंब तळहातावर घेतले, किती वेळात उडतात आणि हात किती गार पडतो ते पाहिलं. "पाणी नाही," म्हणाले, आणि मगच मला ओतू दिलं.

शनिवारी सकाळी गाडी रोलरवर चढवली. पट्टे आवळले. समोर भिंत, हातभर अंतरावर. सेऊ ओलिंदो चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आत बसताना गुडघा दाराला लागला, पण हात धरू दिला नाही.

"तिसऱ्या गिअरला पोचलात की पाय पूर्ण दाबा. मी हात वर केला की सोडा."

"हात दिसणार नाही मला. ओरड."

इंजिन सुरू झालं. पेट्रोलवर असताना त्याला एक सर्दी झाल्यासारखा आवाज होता, तो गेला होता. पहिला गिअर, दुसरा. हाताला सगळं पाठ होतं, कुठे अडखळले नाहीत. तिसरा टाकला आणि पाय दाबला. गॅरेजचे पत्रे हादरायला लागले, सायलेन्सरमधून गोडसर वास आला, पट्टे ताणले गेले. सेऊ ओलिंदो दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून भिंतीकडे बघत होते. किंवा भिंतीच्या कडांकडे. चेहऱ्यावर हसू नव्हतं. ट्रकमधून नमुना काढताना असेल तसा चेहरा.

"सोडा!" मी ओरडलो.

असं तीन वेळा केलं, कारण प्रयोगशाळेत तीन वेळाच करतात. तिसऱ्यांदा चाकं थांबली, इंजिन बंद झालं. त्यांनी काच खाली केली.

"किती?"

पडदा त्यांच्यापासून दोन हातांवर होता. मी बाजूला झालो, म्हणजे त्यांना उतरून, नाक लावून, डावी-उजवी मान करून बघता येईल. वीस वर्षांची सवय. मी वाट बघत थांबलो.

ते उतरले नाहीत.

"सत्तावन्न," मी म्हणालो. "पहिल्यांदा छप्पन्न, मग दोनदा सत्तावन्न."

"सत्तावन्न," ते म्हणाले. "बरं. लिहून ठेव."

एवढंच. पुन्हा वाच म्हणाले नाहीत. कागद मागितला नाही. या माणसाने एकदा तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असं मला कितीदा वाटलं होतं, आणि आता त्यांनी तो ठेवला. वाटलं, भांडावं त्यांच्याशी. म्हणावं, असं कसं, उतरा आणि बघा, मी चाळीस सांगितले असते तर?

ते सावकाश बाहेर आले. किल्ली गाडीतच राहू दिली. एक हात फायबरवर ठेवून, इंजिनाच्या गरम झाकणावरून फिरवत, गाडीला मागून वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूचं दार चाचपून उघडलं. त्या बाजूला ते कधी बसले नव्हते. सीट कशी मागे करायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गुडघे छातीशी घेऊन तसेच बसले, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "चल, पुलापर्यंत. आता रस्त्यावर कशी पळते ते बघू."

मी पट्टे सोडायला वाकलो. चार पट्टे सोडायला एरवी मला एवढा वेळ लागत नाही.