छताखालचे चार झरोके

मी कंटेनर बोलतोय. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, अंगावर निळ्या रंगाचे तीन थर आणि पाठीत एक मोठा पोचा. हल्ली मुक्काम भाईंदरच्या किनाऱ्यावरची तारोडी, कृष्णाबाईच्या अंगणात, दोन माडांच्या मध्ये. हायवेवर आमच्या मागे अडकून तुम्ही आमच्या भाऊबंदांना शिव्या घातल्या असतील. घाला, आम्हाला सवय आहे. पण घरातला मिक्सर, मुलांची दप्तरं, बाथरूममधल्या टाइल्स, यातलं बरंचसं आमच्याच पोटातून आलंय, एवढं लक्षात असू द्या.

माझा जन्म चीनमधल्या एका बंदराशेजारच्या कारखान्यात झाला. आम्ही सगळे भाऊ दिसायला सारखेच. नाव कुणालाच नाही. दारावर चार अक्षरं आणि सात आकडे, एवढीच ओळख. तळाला लाकडी फळ्या, दाराला रबराची पट्टी, आणि दोन्ही बाजूंना अगदी छताखाली दोन-दोन बारीक झरोके, बाहेरून प्लास्टिकची टोपी घातलेले. त्या झरोक्यांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही मात्र ते ध्यानात ठेवा.

पुढची चौदा वर्षं मी बंदरं पाहिली. सिंगापूर, कोलंबो, दुबईचं जेबेल अली, मोंबासा, न्हावाशेवा. शहर म्हणाल तर एकही नीट पाहिलं नाही. क्रेन उचलायची, क्रेन ठेवायची, कुणी तरी दार उघडून पोट रिकामं करायचं आणि दुसरंच काही तरी भरायचं. न्हावाशेव्याला सोलापूरचे टॉवेल भरले, भाईंदरच्या कारखान्यांतल्या स्टीलच्या वाट्या भरल्या. मोंबाशाला कॉफीची पोती आली, ती तर समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलखातून. सिंगापुरात काही पिकत नाही म्हणतात, तरी जगातलं सगळं तिथे मिळतं. बंदर स्वतःच्या जिवावर मोठं होत नाही, त्याच्या मागे कुठवरची गावं राबत असतात, हे मला पोत्यांच्या वासावरून कळायचं.

आणि बंदरांचंही सोपं नसतं बरं. एका ठिकाणी जहाजाचे दोन दिवस फुकट गेले की पुढच्या खेपेला मालक शेजारच्या बंदराचा रस्ता धरतो. मग क्रेनवाल्यापासून गेटाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरतात. एकदा तिकडे सुएझच्या कालव्यात एक जहाज आडवं झालं, तर इकडे आम्ही हजारो डबे एकमेकांच्या डोक्यावर नुसते बसून होतो. कुणाचं कुठे अडेल आणि कुणाला कुठे टोचेल, काही सांगता येत नाही.

मोंबाशाच्या त्या कॉफीनं मला एक गोष्ट शिकवली. माल जरासा ओला असला आणि दिवसा मी तापलो, की मालातला ओलावा वाफ होऊन वर चढतो. पत्रा गार पडला की तीच वाफ छताला थेंब होऊन लटकते आणि खाली टपकते. आकाश कोरडं, समुद्र शांत, आणि माझ्या पोटात सरी. त्या खेपेला माझ्या झरोक्यांवर कुणी तरी चिकटपट्टी मारली होती. कॉफीच्या वरच्या पोत्यांना बुरशी आली आणि नाव मात्र माझं खराब झालं.

वय झालं तसा गंजलो, पाठीत तो पोचा आला आणि न्हावाशेव्याजवळच्या एका यार्डात माझ्यावर खडूनं फुली पडली. फुली म्हणजे भंगार. ती मारणारा प्रीतम. तारोडीच्या कोळ्याचा मुलगा, यार्डात डबे तपासायच्या कामावर होता. फुली मारून तो चार पावलं गेला, परत आला, माझ्या पत्र्यावर हात फिरवला आणि फोन लावला.

"आय, आपल्याला सुकी मासली ठेवाला डबा पाहिजे हुता ना? गावलाय."

असा मी फाल्गुनात तारोडीला आलो. उत्तनच्या अरुंद वळणांवर ट्रेलरवाल्याचा जीव मेटाकुटीला आला. "भैया, इधर तो साइकिल भी घूमती नहीं!" असं तो प्रीतमला तीनदा म्हणाला. प्रीतमच्या आईनं, कृष्णाबाईनं, माझ्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या उंबऱ्यावर ठेवला. चौदा वर्षांत मला कुणी काही खायला दिलं नव्हतं. मला भरून आलं, हे कबूल करतो.

मला आणण्यामागे कारण होतं. कृष्णाबाईचे बोंबील अख्ख्या तारोडीत नावाजलेले. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती ते वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, वाळत टाकते. वाळला की नाही हे ती डोळ्यांनी बघतच नाही. कानाजवळ धरून मोडते आणि आवाज ऐकते. पण पावसाळ्यात ठेवायला कोरडी जागा नाही, म्हणून दर वैशाखात सगळा माल व्यापाऱ्याला देऊन टाकावा लागायचा. तो व्यापारी तेच बोंबील आपल्या नावाच्या पाकिटात घालून आखाताकडे पाठवायचा.

"माजे बोंबील दुबई बगून आले," कृष्णाबाई म्हणायची, "पण तितं त्यांना कोन वलखतं? नाव दुसऱ्याचंच हाय."

तिची सून, प्रीतमची बायको रुचिता, जवळच्या राई गावची, शिकलेली. परवाने, कागदपत्रं, फोन, सगळं तिच्याकडे. तिनं दुबईच्या एका मराठी दुकानदाराला नमुना पाठवला आणि त्याला तो आवडला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माल न्हावाशेव्यातून जाणार होता. पाकिटावर नाव कृष्णाबाईचं, गाव तारोडी. दुकानदारानं एकच अट घातली होती. "वहिनी, थोडा कमी आला तरी चालेल, पण ओलसर वास आला तर पुन्हा फोन करू नका हां." तोवर ते बोंबील खडखडीत ठेवायची जबाबदारी माझी.

आता कृष्णाबाईच्या नवऱ्याबद्दल सांगतो. तुळशीराम. सगळा जन्म बोटीवर गेलेला. दुपारी माझ्या सावलीत जाळं विणत बसायचा आणि माझ्याशी बोलायचा. त्याचा आजा म्हणे इथल्या मिठागरांतलं मीठ गलबतात भरून सुरतेपर्यंत न्यायचा. "घोडबंदरला घोडे उतरायचे, अरबांचे. आता नुस्ता ट्राफिक उतरतो," असं सांगून तो स्वतःच हसायचा. मला हा माणूस फार आवडायचा. माझ्यासारखाच तोही मालाची वाट पाहून म्हातारा झाला होता.

एक जूनला मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या गेल्या आणि तुळशीरामानं नेहमीसारखं कापूस नि डांबर काढलं. बोटीच्या फटी बुजवायचे हे दिवस. बोटीचं काम झाल्यावर तो डांबराचा डबा घेऊन माझ्याकडे वळला. आत शिरला, हाताचं बोट ओलं करून भिंतीभिंतीशी धरत गेला आणि छताखाली थांबला.

"वारा येतोय. भोक हाय."

कोळ्याच्या लेखी भोक म्हणजे मरण. त्यानं चारही झरोक्यांत कापसाची वात ठोकली आणि वरून डांबर फासलं. किती मन लावून केलं म्हणून सांगू! मी ओरडत होतो, पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

माझी भिस्त प्रीतमवर होती. तो यार्डातला माणूस, त्याला कळेल. संध्याकाळी तो आला, आत उभा राहिला आणि दार ओढून घेतलं. यार्डात डबा असाच तपासतात. आत अंधार करायचा आणि कुठून उजेडाचा ठिपका दिसतोय का पाहायचं. ठिपका दिसला तर डबा नापास. झरोक्यांच्या टोपीतून उजेड तसाही येत नाही, त्यामुळे ते बुजलेत हे त्याला कळलंच नाही.

"एक नंबर, बाबा! एकदम पॅक!" तो बाहेर येऊन म्हणाला.

त्यानं हजारो डबे तपासले होते, पण सगळे रिकामे. भरलेला डबा आतून कसा वागतो, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. बापानं होडीच्या हिशेबानं मला बुजवलं, पोरानं यार्डाच्या हिशेबानं पास केलं. दोघांचीही कामं चोख, आणि दोघांनी मिळून माझं नाक दाबलं.

दुसऱ्या दिवशी बोंबलांचे भारे लागले, अगदी छताला टेकेपर्यंत. दार बंद झालं. जूनचं ऊन, वर सावली नाही, समुद्राची दमट हवा आत कोंडलेली. पहिल्या दिवशी मला नुसतं कोंदटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी छत ओलं झालं. तिसऱ्या दिवशी पहिला थेंब सुटला. ज्या बाईनं मला नारळ भरवला, तिच्या वर्षभराच्या कष्टांवर मी माझ्याच हातांनी पाणी ओतत होतो. इतकी लाज मला फुली पडली तेव्हाही वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी कृष्णाबाईनं दार उघडलं आणि तिच्या कपाळावर टपकन थेंब पडला. तिनं वरचा एक बोंबील काढला, कानाजवळ नेऊन मोडायला गेली, तर तो वाकला. आवाजच आला नाही. ती तिथेच माझ्या उंबऱ्यावर खाली बसली.

तुळशीराम धावत आला. "छप्पर गलतंय! भंगार ते भंगारच!" म्हणत तो शिडी लावून माझ्या डोक्यावर चढला आणि आणखी डांबर ओतायला लागला. मग त्याचं डोकं आणखी तापलं आणि त्यानं भंगारवाल्याला फोन केला. तासाभरात तो माणूस टेम्पो घेऊन आलासुद्धा. माझ्या अंगावर टकटक करून म्हणाला, "लोहा अच्छा है चाचा. काट के ले जाऊँगा."

कृष्णाबाई उठली. आधी तिनं आकाशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पाऊस कुटं हाय अजून?"

"न्हाय," तुळशीराम वरूनच म्हणाला.

"मंग पानी गलंल कुटून?"

तिनं माझ्या भिंतीवरचा थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. समुद्राचा नव्हता, खारट नव्हता. भारे बाहेर ओढत ती आत शिरली, छताखाली हात धरून सगळीकडे फिरली आणि डांबराच्या चारही गोळ्यांपाशी थांबली.

"भाताच्या झाकनाला धरतं ना, तसं पानी हाय ह्ये. ह्याला घाम आलाय. तुमी ह्याचं नाक बुजवलंत."

"अगो, भोक ठेवून कंदी चालतं?"

"होडी पान्यात असते. ह्यो काय पान्यात हाय?"

भंगारवाल्यानं विडी पेटवली. मग तुळशीराम खाली उतरला, पटाशी आणि हातोडी घेतली आणि स्वतःच भरलेला कापूस स्वतः खरवडून काढायला लागला. बोट बुजवण्यात साऱ्या तारोडीत त्याचा हात धरणारं कुणी नाही. आपलंच काम असं उखडताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता. चौथा झरोका मोकळा झाला आणि खाडीकडचा वारा माझ्या पोटातून आरपार गेला. भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन परतला.

पुढचे दोन दिवस अख्खं घर वलांडीवर होतं. पावसाळ्यासाठी उतरवलेले बांबू पुन्हा उभे केले, शेजारची सरूबाई तिच्या दोन सुनांना घेऊन आली. प्रीतमनं रजा टाकली. ढग जमत होते आणि या बायका बोंबलांचे जबडे परत एकमेकांत अडकवत होत्या. कृष्णाबाई एकेक मोडून ऐकत होती. वरच्या थराचे आठ भारे तिनं बाजूला काढले. "वास न्हाय येत आई, घालूया ना," रुचिता हळूच म्हणाली. "नाव माजं हाय," कृष्णाबाई म्हणाली, आणि ते भारे खत म्हणून माडांच्या मुळाशी गेले. रुचितानं दुबईला फोन करून माल कमी येईल असं सांगितलं, आणि का ते सांगितलं. दुकानदार म्हणाला, "जेवढा चांगला आहे तेवढा पाठवा."

माझ्या डोक्यावर माडाच्या झावळ्यांचं जाड छप्पर आलं. भारे परत आत आले, पण छतापासून हातभर खाली आणि मध्ये वाट ठेवून. माल न्हावाशेव्याला निघाला तेव्हा पाऊस लागला होता. शेवटचा भारा गाडीत चढवण्याआधी कृष्णाबाईनं त्यातला एक बोंबील मोडून पाहिला. कडकन आवाज आला.

महिन्याभरानं रुचिताच्या मोबाइलवर फोटो आला. दुकानातलं फडताळ, त्यावर पाकिटं. कृष्णाबाईला वाचता येत नाही. रुचितानं वाचून दाखवलं, "कृष्णाबाईचे सुके बोंबील, तारोडी." तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग फोन घेऊन ती माझ्याकडे आली आणि माझ्या पत्र्यासमोर तो धरला. मलाही वाचता येत नाही, हे तिला कोण सांगणार? पण ती पाकिटं कुठल्या धक्क्यावर उतरली असतील, ते मला ठाऊक होतं. त्या धक्क्यावर मी कितीदा तरी उतरलोय, नावाशिवाय.

आता मी कुठे जाणार नाही. समुद्र रोज ऐकू येतो, तेवढा पुरतो. परवा दोन पोरं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर घेऊन आली. गावात माझ्याएवढी सपाट भिंत दुसरी नाही. त्यांनी तो माझ्या अंगावर छतापासून खालपर्यंत ताणला, तेवढ्यात तुळशीराम जाळं टाकून उठला.

"ए, थांब! वरचं सोडून लाव."

"का काका? काय आहे तिकडे?"

"त्याचं नाक हाय," तुळशीराम म्हणाला. शिडी चढून त्यानं झरोक्यावर आपला डांबरानं काळा झालेला तळवा धरला, वारा लागतोय याची खात्री केली आणि मगच खाली उतरला.