पिवळे धोंडीरामभाऊ

"म्या नाय टोचून घ्यायची. मला परत पिवळं व्हायचं नाय!"

झुंबरबाई फोटोच्या खुर्चीवर बसायलाच तयार नव्हत्या. मागे त्यांची जाऊ कुसाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. मी सिरिंज घेऊन ताटकळलेली, आणि कॅमेऱ्यामागे आमचे धोंडीरामभाऊ.

धोंडीरामभाऊ आधी देवळ्याला लग्नाचे फोटो काढत. मग नाशकात आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात लागले आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढू लागले. "इथं बरं आहे, सिस्टर," ते म्हणत. "पडदा कधी नवरीसारखं म्हणत नाही, मी काळी आले, परत काढा."

झुंबरबाईंची मखमलाबादला फुलशेती. उजव्या डोळ्याला आतून सूज आली होती. आत पाणी कुठून झिरपतं हे कळायला हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचतात आणि तो डोळ्यात पोचला की धडाधड फोटो काढतात. मग दिवसभर अंग पिवळं दिसतं, लघवीचं तर विचारूच नका. पहिल्या खेपेला हे सगळं मी बजावून सांगितलं होतं. पण घरी कुसाबाईंनी जावेकडे एकदा पाहिलं आणि कावीळ ठरवून टाकली. तशाच तिला कावीळ उतरवणाऱ्या बाबाकडे घेऊन गेल्या. बाबाने गळ्यात मुळ्यांची माळ घातली आणि आमच्या सुजेच्या गोळ्या बंद करवल्या.

दुसऱ्या दिवशी पिवळेपणा गेला. जाणारच होता! पण नाव झालं माळेचं. इकडे गोळ्यांवाचून सूज इतकी वाढली की त्या डोळ्याने झेंडू कुठला नि शेवंती कुठली, कळेना.

"फोटो पाहिल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येत नाहीत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "उशीर झाला तर डोळा जाईल."

"अन् कावीळ उलटली तर जीव जाईल," कुसाबाई म्हणाल्या.

धोंडीरामभाऊंनी शांतपणे बाही वर सारली. "सिस्टर, आधी मला टोचा. मावशींना बघू द्या."

मॅडम आधी भडकल्या. पण कॅमेरा नुकताच दुरुस्त होऊन आला होता आणि कोणा धडधाकट माणसावर तपासून घ्यायचाच होता. त्यांनी विचारलं, "दमा? अ‍ॅलर्जी? कसला त्रास?"

"त्रास म्हणाल तर सासुरवाडी अंबडला आहे, रोज येणंजाणं असतं."

मी टोचलं, मॅडमनी फोटो काढले. बघता बघता धोंडीरामभाऊ हळदीच्या नवरदेवासारखे झाले. कुसाबाई डोळे फाडून बघत होत्या. "अगं बया, याला तर लागलीच धरली!" असं म्हणत त्यांनी जावेच्या गळ्यातली माळ काढली आणि भाऊंच्या गळ्यात घातली. भाऊंनीही मान पुढे केली. मला हसू आवरेना, मॅडम तर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"उद्या या," भाऊ म्हणाले. "माझा रंग उतरला तर मावशींनी टोचून घ्यायचं. कबूल?"

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखाना उघडायच्या आत हजर. भाऊ आपल्या मूळच्या काळ्यासावळ्या रंगात, गळ्यात माळ तशीच.

"बघा, गेलं ना आपोआप?" भाऊ म्हणाले.

"आपोआप कशानं?" कुसाबाई म्हणाल्या. "माळंनं गेलं."

भाऊंनी माळ काढून कुसाबाईंच्या हातात दिली. पण झुंबरबाई खुर्चीवर जाऊन बसल्या. "माळ असली की उतरतंय ना? मंग घाला गळ्यात अन् टोचा." मॅडम म्हणाल्या, माळेसकट टोचा, गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. कुसाबाईंनी मान डोलावली.

फोटो आले. पडद्याच्या ऐन मध्यावर रंग झिरपून डाग धरला होता. उपचार लगेच सुरू झाले, सूज ओसरली, डोळा वाचला. पण पडद्याची मधली जागा, जिने नेमकं समोरचं दिसतं, ती खराब झाली ती झालीच. मॅडमनी ते झुंबरबाईंना काही न लपवता सांगितलं.

झुंबरबाईंनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि समोर बसलेल्या धोंडीरामभाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, तुमचं तोंड नाय दिसत. निस्तं धुकं हाय. कडंची खिडकी दिसतीया."

भाऊ उठले. एक एक पाऊल टाकत खिडकीकडे सरकत गेले.

"हां, थांबा," त्या समोरच बघत म्हणाल्या. "आता दिसलात."

भाऊ तिथेच उभे राहिले. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, तरी हलले नाहीत.