मागच्या खुर्चीला किती काठ्या?

शुक्रवारी संध्याकाळी रोवेनाने गाडी बाहेर अंगणात काढली आणि गॅरेजच्या फरशीवर मासे धरायच्या आपल्या सगळ्या काठ्या ओळीने मांडल्या. चौदा भरल्या. मग कपाटामागे उभी असलेली एक आठवली. पंधरा.

"दुकान टाकतेस का, ताई?" दारात बसून उकडलेले शेंगदाणे सोलत डेलने विचारलं. डेल तिचा धाकटा भाऊ. पाण्यात पाय न घालता मासेमारीवर मत देणं हा त्याचा आवडता खेळ होता.

"गप्प बस. मी विचार करतेय."

विचार करण्यासारखंच होतं. आर्डिथ आत्याच्या बोटीतली मागची खुर्ची रिकामी झाली होती. त्या खुर्चीत सत्तावीस वर्षं ओपलबाई बसल्या, आणि आता नातवंडांच्या ओढीने फ्लोरिडाला निघून गेल्या. पुढच्या शनिवारपासून तळ्यावरच्या जोड्यांच्या स्पर्धा सुरू होत होत्या. दर शनिवारी पहाटे निघायचं आणि फुटबॉलचा सामना सुरू व्हायच्या आत मासे तोलून घरी यायचं. आत्याची जोडीदार व्हायला अर्धं गाव टपलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर तिघांनी विचारलं होतं, चौथ्याने तर तिच्या दारात भोपळ्याचा केक ठेवून विचारलं होतं. आत्याने केक खाल्ला आणि उत्तर दिलं नाही. रोवेनाने मात्र तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. तिला ती खुर्ची इतकी हवी होती की मागायची भीती वाटत होती. आणि अचानक बुधवारी आत्याचाच फोन आला.

"शनिवारी येतेस का पाण्यावर? बघू जमतं का आपलं."

"येते की! काय काय आणू?"

"पाव-बिव मी आणीन. काठ्या तू ठरव."

एवढं बोलून आत्याने फोन ठेवला, आणि रोवेनाची झोप गेली.

बास माशाच्या मागे लागलेल्या माणसाची काठी म्हणजे नुसती काठी नसते. तिला रीळ असतं, रिळावर तंगूस असतो आणि तंगुसाच्या टोकाला एक ठरलेलं आमिष. आमिष बदलायचं तर गाठ कापा, नवी बांधा, दाताने आवळा, आणि तोवर मासा तळ्याच्या पुढच्या खाडीत. म्हणून दर आमिषाला स्वतंत्र काठी. पुढे बसणारा बोटीचा मालक, त्याने वाटेल तितक्या न्याव्यात. मागच्या खुर्चीवाल्याने किती न्यायच्या, हे मात्र कुठेच सांगितलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. दोनच नेल्या तर माणूस शेखी मिरवतो. दहा नेल्या तर माणूस घाबरट, आणि वर दुसऱ्याच्या बोटीत पाय ठेवायला जागा ठेवत नाही. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या सद्‍गृहस्थांनी एकदा कुणाच्या तरी मागच्या खुर्चीवर अकरा काठ्या नेल्या होत्या. त्याला किती वर्षं झाली कोण जाणे, पण गाव त्यांना अजून साळिंदर म्हणतं.

रोवेना रसायनशास्त्र शिकलेली होती आणि गावाच्या पाणीपुरवठ्यात पाणी तपासायचं काम करत होती. तिने प्रश्न रीतसर घेतला.

"हे बघ," ती डेलला म्हणाली, "पाणी नितळ, मध्यम किंवा गढूळ. म्हणजे तीन. मासा वर, मध्ये किंवा तळाशी. परत तीन. आणि मासा भुकेला किंवा रुसलेला. तीन त्रिक नऊ, नऊ दुणे अठरा."

"तुझ्याकडे पंधरा आहेत."

"तेच तर!"

"मग काय, तिघा माशांना घरी बसायला सांगू?"

रोवेनाने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. कालच तिने स्वतः तळ्याचं पाणी तपासलं होतं, ते नितळ होतं. म्हणजे गढूळवाले सहा प्रकार बाद. पण रात्रीत पाऊस झाला तर? दोन परत आत. एक लांब काठी बाहेर. तीच पुन्हा आत, कारण ती बाहेर एकटी पडलेली बघवेना. शेवटी तिने फोन उचलला आणि अगदी सहज आवाज काढला.

"आत्या, उद्या पाणी गढूळ असेल का गं?"

"पाण्याला विचार," आत्या म्हणाली. पाठीमागे काहीतरी धडाधड पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

अखेर पाच ठरल्या. पाच हा आकडा रोवेनाला शहाणा वाटला. प्रत्येक काठीला तिने विणलेला पायमोजा चढवला, म्हणजे आमिषांचे गळ एकमेकांत अडकणार नाहीत, आणि पाचांची मोळी बांधून ती झोपायला गेली.

"पाच!" डेल मागून ओरडला. "नापास करावं इतक्या जास्त नाहीत आणि पास करावं इतक्या कमीही नाहीत!"

पहाटे धक्क्यावर धुकं होतं. आर्डिथ आत्या बोट पाण्यात उतरवून तयारच होती. आत्याने उभी हयात शाळेची बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही माणसांकडे ती मोठ्या आरशातून बघावं तशीच बघायची. तिने आधी रोवेनाच्या पिशवीचा वास घेतला.

"केळं नाही ना आणलंस?"

"आत्या! मी काय वेडी आहे?" बोटीत केळं आलं की मासे गेले, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

"मग हा वास कसला?"

"उन्हाचं मलम आहे. नारळाचं."

"नारळ चालतो," आत्या म्हणाली आणि तिने मोळीकडे नजर टाकली. ओठ हलले. "सहा."

"पाच."

"मला मोजता येतं, पोरी. बसमध्ये बासष्ट मुलं असायची."

रोवेनाने वाकून पाहिलं आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मोळीच्या मधोमध एक निळी, हातभर लांबीची, लहान मुलांची काठी खोचलेली होती. रिळाला प्लॅस्टिकचं झाकण, झाकणावर हसरा बेडूक. डेलची पहिलीवहिली काठी. टोकाला त्याने इमानदारीने एक पांढऱ्या पिसांचं चिमुकलं आमिषसुद्धा बांधून ठेवलं होतं.

"मी त्याला मारणार आहे," रोवेना म्हणाली. "थांब, गाडीत ठेवून येते."

"राहू दे आता. सूर्य आपल्यासाठी थांबतोय का? चढ."

काठ्या ठेवायची जागा म्हणजे पुढच्या फळीवरचे दोन पट्टे, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. उजवा पट्टा तुटलेला होता. त्यामुळे आत्याच्या सगळ्या काठ्या डावीकडेच होत्या, आणि त्या इतक्या होत्या की रोवेनाने मोजायचं सौजन्याने टाळलं. आत्याने रोवेनाच्या पाच काठ्या त्यांच्यावर आडव्या टाकल्या आणि पट्टा गच्च ओढला. निळी काठी पट्ट्याखाली मावेना, इतकी ती आखूड होती. रोवेनाने ती लाजेने आपल्या खुर्चीखाली सरकवली.

आणि मग तिने हुशारी केली. मासे दिसल्यावर मोजे काढत बसायचं म्हणजे दर काठीमागे काही क्षण वाया. तेव्हा आत्ताच काढलेले बरे. तिने पटापट मोजे ओढून काढले. ते पाहून आत्या क्षणभर थबकली, मग तिनेही आपल्या काठ्यांचे मोजे काढले. "तू शिकलेली आहेस," ती म्हणाली, "तुला काहीतरी ठाऊक असणार."

आत्याने इंजिन भरधाव सोडलं. बोट लाटांवर दणादण आपटत निघाली. रोवेनाने टोपी एका हाताने धरली आणि खुर्ची दुसऱ्याने. पुढे पट्ट्याखाली सगळ्या काठ्या आनंदाने नाचत होत्या.

पहिल्या खाडीत काही लागलं नाही. दोघींनी वरवरची एकेक काठी सोडवून घेतली, फेकली आणि परत खोचून ठेवली. दुसऱ्या खाडीत एक कासव. पुलाखाली एक फांदी, जिला आत्याने मोठ्या कौशल्याने खेळवून वर आणलं. दोघी अवघडल्यासारख्या बोलत होत्या, नव्या शेजारणींसारख्या. पाव छान झालाय. हो, लोणी जास्त पडलं. नाही नाही, बेतानेच आहे. ऊन वर चढलं तशी रोवेनाला ती खुर्ची आपल्या बुडाखालून हळूहळू सरकत असल्याचा भास व्हायला लागला.

आणि मग खाडीच्या तोंडाशी पाणी उकळलं.

खरोखर उकळी फुटावी तसं. बोटभर लांबीचे चंदेरी मासे शेकड्यांनी हवेत उडत होते आणि त्यांच्याखालून हिरव्या पाठीचे बास तोंडं वासून वर येत होते. फटाक! फटाक! बोटीच्या उजवीकडे, डावीकडे, एकाने तर शेपटीने रोवेनाच्या चहात पाणी उडवलं.

"काठी!" आत्या किंचाळली.

"काठी!" रोवेना किंचाळली.

दोघी एकदमच पट्ट्याकडे झेपावल्या, डोकी आपटली, पट्टा सुटला. रोवेनाने आपली दुसरी काठी ओढली. तिच्याबरोबर तिसरी आली. तिसरीबरोबर आत्याच्या चार आल्या. आत्याने तिच्या बाजूने हिसडा दिला तशा उरलेल्याही उठल्या, आणि दोघींच्या मध्ये एकच एक भलंथोरलं कुंपण उभं राहिलं. गळात गळ, गळात तंगूस, मध्येच आत्याची टोपी.

"तू सोड!"

"मी सोडलंय! तू सोड!"

"माझ्या बाहीला लागलंय!"

फटाक! एक चांगला शेरदोन शेरांचा बास दोघींच्या डोळ्यांसमोर हवेत गिरकी घेऊन गेला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली, मग कुंपणाकडे, मग बाहीला लोंबणाऱ्या आमिषाकडे, आणि तिच्या पोटातून हसू फुटलं. रोवेनाही हसायला लागली. हसता हसता ती मागे खुर्चीत कोसळली आणि तिच्या टाचेला काहीतरी लागलं.

निळी काठी.

तिने ती उपसली, झाकणावरचा बेडूक अंगठ्याने दाबला आणि पांढरी पिसं त्या उकळीत टाकली. ती पाण्याला टेकली न टेकली तोच काठीचा चिमटा झाला.

"लागला! आत्या, लागला!"

रीळ मांजराचं शेपूट चेपल्यासारखं ओरडत होतं. आत्या बाही फाडून मोकळी झाली आणि हातजाळी घेऊन धावली. मासा आत आला, गळ निघाला, मासा परत पाण्यात गेला. रोवेनाने काठी पुन्हा उगारली, आणि थांबली. समोर आत्या रिकाम्या हातांनी उभी होती. इथे दुसऱ्याची काठी मागणं म्हणजे दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश मागणं. आत्या मेली तरी मागणार नव्हती. पण तिचे डोळे उकळत्या पाण्यावरून हलत नव्हते आणि बोटं आपोआप वळत होती.

"घे," रोवेना म्हणाली.

"छे, छे. तुझी पाळी चाललीय."

"घे गं! मासा हुकला की पाळी माझी!"

आत्याने घेतली. आत्याने टाकली. आत्या, जिच्या नावावर तळ्यातले तीन विक्रम होते, ती हातभर निळी काठी दोन्ही हातांनी धरून "ये रे बाळा, ये रे गधड्या!" असं ओरडत फळीवर नाचायला लागली. मग रोवेना. मग आत्या. मासे पळाले की एक जण पुढची छोटी मोटर चालवून त्यांच्या मागे लागे आणि फेकायचं काम दुसरीचं. "हुकला! दे इकडे!" "नाही हुकला, श्वास घेतोय तो!" "खोटारडी! अगदी बापावर गेलीस!"

शेवटचा मासा आत्याचा. तो इतका जड होता की बोटच त्याच्या दिशेने वळली. आत्याने जोर लावला आणि रिळाची मूठ तिच्या हातात आली. नुसती मूठ. आत्याने तिच्याकडे पाहिलं. बेडूक हसतच होता.

"तू काठी धर!" रोवेना ओरडली आणि तिने तंगूस हातानेच ओढायला घेतला. ओढलेला तंगूस ठेवायचा कुठे? ती तो आत्याभोवती गुंडाळत सुटली. आत्या जागेवर गिरक्या घेत होती, रोवेना ओढत होती, आणि अखेर मासा वर आला तेव्हा आत्या कंबरेपर्यंत गुंडाळलेली होती आणि दोघींनाही हसण्यापुढे उभं राहवत नव्हतं. मासा सोडला तेव्हा तोही जरा गोंधळलेलाच वाटला.

मग पाणी शांत झालं. दोघी कात्री घेऊन त्या कुंपणापाशी बसल्या.

"आत्या," एक गळ सोडवत रोवेना म्हणाली, "तुझ्या किती आहेत गं या?"

आत्याने एक गाठ फार लक्षपूर्वक कापली. "सोळा."

"नेहमी सोळा आणतेस?"

"ओपल असताना चार आणायचे." तिने नाक पुसलं. "म्हटलं, पोरगी शिकलेली. चारच बघून म्हणेल, म्हातारी मागे पडलीय. रात्रभर मांडल्या आणि काढल्या. तुझा फोन आला ना, तेव्हा अख्खी मांडणीच अंगावर कोसळली होती."

रोवेनाने कात्री खाली ठेवली. "मी पंधरावरून पाचावर आले. तू मला नापास करशील म्हणून."

"कशात?"

"खुर्चीत."

"कुठल्या खुर्चीत? जिच्यावर तू ओलं बूड टेकवलंयस त्या?" आत्या म्हणाली. "त्या चौघांतल्या एकालाही मी बोटीपर्यंत आणलं का? ओपल सत्तावीस वर्षं बसली तिथे. जीव होता माझा तिच्यावर. पण आम्ही एकमेकींच्या काठीला कधी हात लावला नाही. शनिवारी पहाटे ये. आणि तो पट्टा मी दुरुस्त करते."

धक्क्यावर डेल वाट बघत उभा होता. दोन बायका मिळून एकवीस काठ्यांचं कुंपण खांद्यावरून आणताहेत हे पाहून त्याने टाळीच वाजवली.

"साळिंदर! ती पण जोडीने!"

"डेल्या," आत्या म्हणाली, "तुझी निळी काठी आजपासून माझ्या बोटीची. परत मागायची नाही. आणि उद्यापर्यंत तिला नवी मूठ बसवून दे."

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी रोवेनाने गाडी अंगणात काढली आणि फरशीवर काठ्या मांडल्या. तीन ठेवल्या, दोन काढल्या, एक पुन्हा ठेवली. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं," पलीकडून अगदी सहज आवाज आला, "उद्या पाणी गढूळ असेल का?"

रोवेनाने हसू दाबलं.

"पाण्याला विचार, आत्या," ती म्हणाली. पलीकडे धडाधड काहीतरी पडल्याचा आवाज आला.