पाहुण्यांखालची फळी

मी फळी बोलतेय. आतली खोली आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत, त्यांवर मी उतरती पडलेली असते. माझ्यावरून या घरातला दादा चाकाच्या खुर्चीतून ये-जा करतो. कुणाला ठेच लागली की शिव्या मला. स्वतःच्या डोळ्यांना कुणी काही बोलत नाही.

जन्माने मी न्हाणीघराचं दार. खालून कुजले, तेव्हा मोठ्यांनी मला सरपणात काढलं. दादाच्या धाकट्या बहिणीने आणि तिच्या मैत्रिणीने मला फरफटत सुताराकडे नेलं. “मामा, हिची उतरण करून द्या. दादाला सगळे पोत्यासारखं उचलतात, त्याला राग येतो.” सुताराने कुजकं कापलं, चाक सटकू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या.

दादा पहिल्यांदा एकटा उतरला तो ओरडतच, “सरका, ब्रेक नाहीये!” आणि चाक घातलं ते धाकटीच्या पायावर. ती लंगडत हसत होती, तो हसून हसून खोकत होता.

मोठ्यांची हुशारी वेगळी. पाहुणे आले की काका म्हणायचे, “फळी उचला, कुणी अडखळेल.” मग मी कपाटामागे उभी आणि दादा लोटलेल्या दाराआड. “त्याला आराम हवा असतो,” असं आई सांगायची. माणूस किती आराम करेल? वडील पेपरात तोंड खुपसून बसायचे. पेपर वाचता वाचता त्यांनी अख्खा मुलगा वगळला.

मग थोरल्या बहिणीला, ताईला, बघायला मंडळी येणार असं ठरलं. “मी त्यांना दोन मुलीच सांगितल्यात,” काका आईला म्हणाले. “उगाच प्रश्न नकोत.” आदल्या पाहुण्यांपासून मी अजून कपाटाच्या मागेच होते आणि धाकटी पुढे.

तिने जाऊन दादाला सांगितलं. आतून त्याचा आवाज आला, “म्हणजे मी कोण, भाडेकरू? भाडेकरू तरी समोरून ये-जा करतो.” मग म्हणाला, “इस्त्रीचा शर्ट काढ. ते आले की फळी लाव. मी बाहेर येणार.”

पण मंडळी आली जास्त आणि खुर्च्या पडल्या कमी. काकांनी मला दोन स्टुलांवर आडवं टाकलं, वर चादर अंथरली. माझ्यावर मुलाचे आईवडील आणि त्याच्या जाडजूड मावशी बसल्या. धाकटीने कपाटामागे पाहिलं, मी नाही. मग चादरीखालून डोकावणाऱ्या माझ्या पट्ट्या तिला दिसल्या.

ती सरळ समोर येऊन उभी राहिली. “जरा उठता का?”

“अगं ए! मोठ्या माणसांना उठवतात का?” काका.

“ही दादाची फळी आहे. त्याला बाहेर यायचंय.”

“कोण दादा?” मुलाच्या आईने विचारलं.

वडिलांनी छताकडे बघितलं. आईने पदराकडे. काका म्हणाले, “शेजारचा.”

तेवढ्यात ताईने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. “माझा सख्खा भाऊ आहे. उठा मावशी.”

मावशी उठल्या, मग बाकीचे. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला धाकटी. मला पायऱ्यांवर टाकलं. दार उघडलं आणि दादा आला, भांग पाडून, नेहमीपेक्षा जोरात.

“नमस्कार,” तो म्हणाला. “मी शेजारचा.”

मुलाचे वडील खो खो हसले. मुलाची आई हसली नाही. दोन दिवसांनी नकार आला.

काकांनी घर डोक्यावर घेतलं. “या कार्टीने ताईचं लग्न मोडलं!”

“ठरलं कुठे होतं मोडायला?” ताई म्हणाली. “आणि माझ्या भावाला लपवून ठरणार असेल, तर नकोच ते लग्न.”

त्याच दुपारी दादाने खुर्चीतून वाकून मला पायऱ्यांना स्क्रूने आवळलं. धाकटी एकेक स्क्रू हातात देत होती. परवा काकांनी मला उपटायचा प्रयत्न केला. आता कंबर धरून बसलेत.

माझ्या कडा झिजल्यात, एक पट्टी निघालीय, पण दया नको मला. तुमच्या घरी पाहुणे आले की आतल्या खोलीचं दार कुणावर लोटता, तेवढं बघा. आज ताईसाठी पुन्हा मंडळी येतायत. दादा शर्टाला इस्त्री करतोय. खुर्च्या कमी पडल्या तर खाली बसा. मी जागची हलणार नाही.