सव्विसावा राऊंड

“लिही. ‘स्पर्धेदरम्यान अचानक पोटात तीव्र वेदना सुरू झाल्यामुळे मी स्वखुशीने...’”

“स्वखुशीने?” मी विचारलं.

“बरं, ते खोड. ‘मी शर्यत अर्धवट सोडली.’ पूर्णविराम. खाली सही.”

उमाशंकर सर खुर्चीत मागं रेलले होते. नांदेडच्या आमच्या कॉलेजातली ही क्रीडा विभागाची खोली म्हणजे मोडके भाले, फाटक्या मॅट आणि ओल्या बुटांचा वास. सर कॉलेजचे क्रीडा संचालक. तीन वर्षं त्यांनीच मला पळवलं. मी ज्ञानेश्वरी, बी.ए. तिसरं वर्ष, दहा हजार मीटर. लातूरच्या शर्यतीला आठ दिवस झाले होते.

“सर, माझं पोट दुखलं नव्हतं.”

“मला म्हाईत हाय ना. पण कागदाला कारण लागतं, येडे. न्हाई दिलं तर म्हणतील, पोरीनं पंचांचा अपमान केला. कॉलेजवर येईल, संस्थेवर येईल. तुझी टीसी बी अडकंल. खामखा कामून वाढवायलीस?”

मी पेन हातात धरून बसले. पोट म्हणे. पोटाचं खरं कारण लिहायचं तर माझ्याकडं होतं. चार महिने पाळी आली नव्हती. मेसची पाण्यासारखी डाळ, दोन चपात्या, भिजवलेले हरभरे आणि त्यावर आठवड्याला शंभर किलोमीटर. हे तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. आता कागदाला गरज पडली, तेव्हा माझं पोट सगळ्यांना आठवलं.

जूनमध्ये बा मला हॉस्टेलवर सोडायला आला होता. इस्लापूरहून एसटीनं, डोक्यावर माझी पेटी घेऊन. गेटवर उभा राहून एवढंच बोलला, “हे शेवटचं साल हाय. विद्यापीठाच्या टीममदी नाव लागलं तर पुढं शिक, मी कुणाचं ऐकत न्हाई. न्हाई लागलं तर पेटी उचलायची अन् घरी यायचं. मंग रडायचं न्हाई.”

“हाव,” मी म्हणाले.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या दोघींत आलं की विद्यापीठाच्या टीममध्ये नाव लागतं आणि देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जायला मिळतं. आदल्या दोन्ही वर्षी मी तिसरी आले होते. त्या दोघी शिकून निघून गेल्या. या वर्षी माझ्या पुढं कुणीच नव्हतं. मागं होती ती धम्मप्रिया, माझ्याच खोलीतली, निलंग्याची. आम्ही पहाटे पाचला बरोबर निघायचो. आधी मी तिला ओढायची, मग ती मला ढकलायची. पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा, तेव्हा गोदावरीच्या पुलावर पळायचो. ट्रकवाले हॉर्न मारायचे, काय काय बोलायचे. धम्मप्रिया त्यांना अशा शिव्या घालायची की मला पळता पळता हसू यायचं आणि दम लागायचा. नखं काळी पडून गळाली. तिनं माझी, मी तिची कापली. ऑक्टोबरच्या क्रॉसकंट्रीत मी पहिली, ती दुसरी. सगळं जुळत आलं होतं.

मोजायला मला सरांनीच शिकवलं. चारशे मीटरच्या मैदानावर दहा हजार म्हणजे पंचवीस राऊंड. पंधराव्या राऊंडनंतर डोकं काम करत नाही, माणूस गुरासारखं पळतं. म्हणून सर म्हणायचे, “एक राऊंड झाला की उजव्या हाताचं एक बोट मीट. पाच झाले की उजवा हात उघड अन् डाव्याचं एक मीट. डावी मूठ पुरी मिटली की राऊंड पंचवीस. अंग विसर, बाप विसर, बोट विसरू नको.”

मी विसरले नाही. एवढाच माझा गुन्हा.

लातूरच्या मैदानावर सकाळी दहाला आमची शर्यत सुटली. आठ पोरी. रेषेजवळ टेबल मांडलं होतं, त्यामागं सहा पंच. प्रत्येकाच्या पुढ्यात कागद, कागदावर आमचे नंबर. आम्ही समोरून गेलो की नंबरापुढं एक उभी रेघ. शेजारी लोखंडी दांड्याला टांगलेली पितळी घंटा. पहिलीचा शेवटचा राऊंड सुरू झाला की ती वाजवायची.

मी सोळा राऊंड मारले तेव्हा पाहुणे आले. साडेनऊचे उद्घाटक सव्वादहाच्या पुढं आले. दोन पांढऱ्या गाड्या थेट ट्रॅकवर. मी बाहेरून वळसा घालून पुढं गेले, पायाखाली चुन्याच्या रेघा पुसल्या होत्या. माइकवाला ओरडला, “सर्व पंच मंडळींनी उभं राहून टाळ्यांच्या गजरात मान्यवरांचं स्वागत करावं!” आणि सगळे पंच उठले. सहाच्या सहा. एकानं शालीचं तबक धरलं, एकानं नारळ, एक फेट्याचं टोक धरून उभा. समई पेटवायची होती आणि वाऱ्यानं काड्या विझत होत्या. उरलेले तिघं ओंजळी करून समईभोवती वाकले होते. मी टेबलासमोरून गेले. टेबलावर कागद होते, कागदांवर दगड ठेवले होते. माणूस एकही नव्हता.

मी उजव्या हाताचं बोट मिटलं. सतरा.

माझ्या मागून धम्मप्रिया गेली, बाकीच्या सहा गेल्या. कुणाचीच रेघ पडली नाही. समई पेटली, टाळ्या झाल्या, पंच परत येऊन बसले आणि सोळाच्या पुढं मोजायला लागले.

पुढचं साधं आहे. चोवीस झाल्यावर मी वेग वाढवला. घंटा वाजली नाही. म्हटलं, विसरले असतील, यांचा काय नेम. शेवटचा राऊंड मी असा पळाले की तोंडात रक्ताची चव आली. रेषेवर डावी मूठ पूर्ण मिटली आणि त्याच क्षणी घंटा वाजली. मला वाटलं, माझ्यासाठी वाजवली. मी थांबले. गुडघ्यांवर हात ठेवले.

“पळ!” उमाशंकर सर दोरीजवळून ओरडले. “ज्ञानेश्वरी, एक राहिला! पळ!”

“झाले सर. पंचवीस झाले.”

“चोवीस लिहिलेत! पळ आधी, नंतर भांडू!”

धम्मप्रिया माझ्या सत्तर सेकंद मागं होती. बाकीच्यांना तर मी दोनदा, तीनदा मागं टाकलं होतं. सत्तर सेकंद माझ्या हातात होते. पायांत जीव होता. एक राऊंड मारला असता, तरी मीच पहिली आले असते. हे तेव्हाही मला कळत होतं. उगाच खोटं कशाला बोलू.

पण मी टेबलाकडं गेले. मधोमध मुख्य पंच बसले होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांना म्हणाले, “सर, सत्काराच्या वेळी तुम्ही सगळे उभे होता. सगळ्यांचाच एकेक राऊंड गेला. बघा ना, सगळ्यांना विचारा.”

“सत्कार करायचा नाही का मग?” ते म्हणाले.

“करा की. पण मोजायला एक तरी माणूस बसवायचा.”

“तू आम्हाला शिकवणार का आता? जाऊन पळ, पोरी. वेळ जातोय तुझा.”

“मी पळाले सर. माझं झालं.”

घसा ताणून सर ओरडत होते, “अगं एकच राऊंड! दिमाग फिरलाय का तुझा?” पाहुणे मंचावरून बघत होते, गळ्यात हार, डोक्यावर फेटा. माइकवाल्यानं माझा नंबर पुकारला, “चौदा नंबर, चौदा नंबर, कृपया शर्यत पूर्ण करा.” मी माझ्या डाव्या मुठीकडं बघत उभी राहिले. घट्ट मिटलेली. तीन वर्षं जिच्यावर विश्वास ठेवला, ती मूठ मी उघडायची कुणासाठी? समईसाठी?

धम्मप्रिया समोरून गेली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग समोर. ती सव्वीस राऊंड पळाली. बाकीच्या सगळ्या सव्वीस पळाल्या. दहा हजाराच्या शर्यतीत सात पोरी दहा हजार चारशे मीटर पळाल्या आणि सातही जणींना क्रमांक मिळाले. बरोबर दहा हजार एकटीच पळाली. तिच्या नावापुढं लिहिलं, शर्यत अपूर्ण.

परत येताना कॉलेजच्या जीपमध्ये आम्ही दोघी मागच्या बाकावर होतो. अहमदपूर आलं. धम्मप्रियानं पदक पिशवीत तळाला घातलं होतं, वरून टॉवेल.

“तू मोजले होतेस का?” मी विचारलं.

“हाव.”

“किती?”

“सव्वीस.” ती खिडकीतून बाहेर बघत होती. “तुझ्यासारखीच मूठ मोजली मी बी.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? घंटा वाजूपर्यंत पळायचं असतंय गं. त्यांनी तीस म्हणले असते तर मी तीस पळाले असते.”

“तू एक शब्द बोलली असतीस तर दोघींचं ऐकलं असतं.”

ती माझ्याकडं वळली. चिडली नव्हती. पुलावर ट्रकवाल्यांना शिव्या घालणारी पोरगी एकदम हळू बोलली. “ज्ञानू, तुला वाटलं ते ऐकतील. तुला तसं वाटू तरी शकतंय. मला जन्मात कधी तसं वाटलं न्हाई. म्हणून मी पळाले.”

मी तिच्यावर रागवायचा प्रयत्न केला, तोही धड जमला नाही. लोह्याला जीप थांबली, सरांनी सगळ्यांना चहा पाजला. माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुला कुणी सांगितलं होतं मोजायला?”

आता तेच सर टेबलावर बोट वाजवत होते. “कर सही. मला मीटिंग हाय.”

“सर, तुम्हीच सांगितलं होतं.”

“काय?”

“मोजायला.”

सर थांबले. घड्याळाकडं बघितलं, मग टेबलाच्या कडेकडं. “हां. सांगितलं होतं,” ते म्हणाले. “चुकलं माझं. झालं समाधान? कर आता.”

एवढं बोलायला त्यांना काय लागलं असेल, ते मला कळलं. ते पाहुणे आमच्या संस्थेचे सचिव होते आणि सरांना रिटायर व्हायला चार वर्षं राहिली होती. ते लातूरला माझ्यासाठी भांडले असते तर त्या चार वर्षांचं काय झालं असतं, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. पण मग मला तरी कशाला शिकवायचं? पहिल्या दिवशीच सांगायचं ना, पोरी, पाय हलव, बाकीचं आमच्यावर सोड.

मी सही केली. मोठी गोष्ट सांगत नाही. टीसीची भीती वाटली. मैदानावर जी ऐट केली, ती आठ दिवसांपलीकडं टिकली नाही. पोटात तीव्र वेदना. खाली माझं नाव, माझ्या सुवाच्य अक्षरात. उद्या कुणी फाईल काढली तर त्यात मीच माझ्याविरुद्ध साक्ष दिलेली सापडेल.

पेटी घेऊन घरी गेले. इस्लापूरच्या स्टँडवर बा उभा होता. त्यानं पेटी डोक्यावर घेतली. रस्ताभर मी त्याला सगळं सांगितलं, सत्कार, समई, कागदांवरचे दगड, सगळं. तो ऐकत चालला होता. मला वाटलं, बा तरी म्हणेल, बरं केलंस.

घराच्या वळणावर तो थांबला. पेटीखालून वाकून माझ्याकडं बघितलं.

“पायात दम होता?”

“होता.”

“मंग मारायचा ना गं एक राऊंड,” तो म्हणाला. रागानं नाही. अगदी काकुळतीला येऊन. “पोरी, मारायचा ना.”

त्या दिवसापासून मी हेच ऐकते. मामा म्हणतो, शेजारची म्हणते, किराणावाला म्हणतो. एक राऊंड! चारशे मीटर! दीड मिनिट! सगळ्या तालुक्याला हा हिशेब येतो. सगळे म्हणतात, शहाणी असती तर पळाली असती. त्यातले निम्मे आयुष्यभर कुणाच्या तरी घंटेवर पळत आलेत आणि त्यांना माझी कीव येते. मला त्यांचा राग येतो. आणि खरं सांगायचं तर कापूस वेचताना मधेच हात थांबतो आणि मला ते सत्तर सेकंद दिसतात. बरोबर कोण होतं, ते मला माहीत आहे. त्याचा उपयोग काय, ते माहीत नाही.

जानेवारीत एका दुपारी शेतात फोन वाजला. धम्मप्रिया होती. ती विद्यापीठाच्या टीमबरोबर दूर उत्तरेकडं गेली होती. आवाजात वारा होता.

“झाली शर्यत,” ती म्हणाली. “एकोणिसावी आले. पहिलीनं मला दोनदा मागं टाकलं.”

“वेळ?”

“चाळीस मिनिटं, बारा.”

“तुझी सगळ्यात चांगली हाय ना.”

“हाव. ज्ञानू, इथं मोठा बोर्ड हाय. किती राऊंड राहिले ते त्याच्यावर दिसतं. कुणाला मोजावंच लागत न्हाई. मी तरी मोजले. बरोबर पंचवीस भरले गं.” आणि तिचा आवाज फुटला. “तू पायजे होतीस.”

मी कमरेच्या ओटीतला कापूस दाबून बसवला. ओटी भरत आली होती.

“थंडी हाय का तिकडं?” मी विचारलं.

“लई.”

“मग पळून झाल्या झाल्या बसू नको. अंगावर काहीतरी घाल आणि दहा मिनिटं चालत राहा. पिंडऱ्या धरतात.”

“हाव.”

“आणि रडू नको. पाणी पी.”

फोन बंद झाला. माय वेचत वेचत बरीच पुढं निघून गेली होती. तिनं वळून हाक मारली, “काय करून राहिली गं तिथं? चल की बिगीबिगी.”

“येते,” मी म्हणाले. आणि समोरच्या झाडाला हात घातला. घाई केली नाही.