उंच उशीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी आणि नको तितकी गुबगुबीत उशी आहे. माझा जन्म सोलापुरात, नवी पेठेजवळच्या एका बोळात, रज्जाकभाई गादीवाल्यांच्या दुकानात झाला. तेव्हा मी चांगली बेताची होते हो! चन्नम्मांनी मला आपल्या एकुलत्या एका लेकासाठी, शिवयोगीसाठी, हौसेनं घरी नेलं.

शिवयोगी चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांची बस चालवतो. रातपाळी करून सकाळी घरी येतो आणि माझ्यावर डोकं टेकतो. लहानपणी कबड्डीत तोंडावर आपटून त्याचं नाक आतून वाकडं झालंय. एक नाकपुडी जवळजवळ बंदच. म्हणून तो उताणा, तोंड उघडं टाकून झोपतो आणि असा घोरतो, की फळीवरची भांडी वाजावीत!

"घोरतोय म्हंजे गाढ झोपलाय की लेकरू," चन्नम्मा कौतुकानं म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं. वेडीच मी!

दसऱ्याआधी अंथरुणं धुवायची, उशांचा कापूस पिंजून घ्यायचा, ही या घरची रीत. चन्नम्मा दरवेळी रज्जाकभाईंना सांगायच्या, "पोरगं लई दमतंय. उशीत जरा जास्त कापूस घाला." अशी मी दसऱ्यागणिक फुगत गेले. आता त्याचं डोकं माझ्यावर आलं, की हनुवटी छातीकडे झुकते, जीभ मागं पडते, घशातली हवेची वाट अरुंद होते आणि घोरणं एकदम थांबतं. म्हणजे श्वासच थांबतो, मित्रांनो! मग तो दचकतो, मोठ्यानं हवा ओढतो आणि पुन्हा झोपतो. उठेपर्यंत हेच चालतं. उठतो तेव्हा डोकं जड, डोळे लाल. मला खाली दबायचं असतं, पण एवढा कापूस पोटात घेऊन मी किती दबणार?

गेल्या आठवड्यात बस चालवताना त्याचा डोळा लागला आणि बस दुभाजकाला घासली. कामगार वाचले, नशीब! त्याची बायको अनसूया रडकुंडीला आली.

"आत्याबाई, ह्यांचा श्वास मधीच थांबतोय. मी बघितलंय. नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवू या की."

"श्वास कशाला थांबतोय? झोप पुरंना झालीय त्याला," चन्नम्मा म्हणाल्या.

"घोरण्यासाठी कुणी दवाखान्यात जातंय व्हय?" शिवयोगी हसला.

दसरा अजून लांब आहे, तरी आज चन्नम्मांनी रज्जाकभाईंकडून नवा कापूस मागवलाय. माझी शिवण त्या स्वतःच उसवतायत. नको हो, असं ओरडावंसं वाटतं, पण उशीला कुठलं तोंड!

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं घोरत असेल, तर हसू नका आणि कौतुकही करू नका. जवळ बसून त्याचा श्वास ऐका, त्याला डॉक्टरांकडे न्या. माझं इथं ऐकणारं कुणी नाही. चन्नम्मा मायेनं मूठ मूठ कापूस भरतायत. आत शिवयोगी जांभया देत माझी वाट बघतोय. संध्याकाळी त्याला पुन्हा बस न्यायची आहे.